खुर्चीवरचा दिवा

माझी आत्या फार गप्प आणि फार स्थिर बाई. लहानपणी तिला खोलीच्या कोपऱ्यात बसवून आजी कामाला लागायची आणि मग घरभर हाका मारत फिरायची. पोर असायची ठेवली तिथंच, पण नजर तिच्यावरून घसरून पुढं जायची. मोठेपणी हाच गुण तिच्या पोटापाण्याला उपयोगी पडला. एका मोठ्या छापखान्यात ती प्रूफं तपासायची. शाळेची पुस्तकं, शब्दकोश, कायद्याचे जाडजूड ग्रंथ, जे येईल ते.

हे काम जोडीनं चालायचं. एकीनं लेखकाची मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरणचिन्ह सगळं तोंडानं म्हणत. दुसरीनं छापील कागदावर पेन्सिल धरून ते तसंच उतरलंय का बघायचं. पेन्सिल आत्याकडं असायची. वाचणाऱ्या बाईला सगळा छापखाना ‘शेकोटी’ म्हणायचा, कारण तिला बारा महिने थंडी वाजायची. सकाळी आली की ती आधी भिंतीलगतच्या गरम पाण्याच्या नळ्यांना पाठ टेकून उभी राहायची आणि मग दाराशी असलेली गरमीची पितळी चावी शेवटापर्यंत फिरवायची. आत्याला उलट जरा कुठं हवा कोंडली की घाम फुटायचा. शेकोटीनं पाठ वळवली की आत्या उठून चावी मागं फिरवून यायची. कामाच्या वेळात आत्या जागची उठायची ती एवढ्याच कारणासाठी. शेकोटी तिला ‘बर्फाची लादी’ म्हणायची. त्या दोघींची सगळी नोकरी या चावीच्या भांडणात गेली, आणि भांडताना एक शब्दही न बोलण्याचा त्यांचा अलिखित करार होता.

शेकोटीला कामाच्या जागी बसून वाचता येत नसे. पाय आखडतात म्हणायची. कागद डोळ्यांपुढं धरून ती खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत वाचायची. स्वल्पविरामाला किंचित थबकायची, पूर्णविरामाला टाचेवर वळायची. त्यामुळं लांबलचक वाक्यं लिहिणाऱ्या लेखकांवर तिचा दात होता. वाक्य संपायच्या आत भिंत यायची, आणि मग बाई भिंतीला तोंड करून उरलेलं वाक्य पुरं करत उभी. घरी हे सांगताना आत्यालासुद्धा हसू यायचं, आणि आत्या हसली म्हणजे आम्ही सगळे जेवायचं थांबून तिच्याकडं बघायचो.

एका वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी शेकोटीच्या छातीनं दगा दिला. दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही. तिला स्मशानात पोचवून आत्या परस्पर कामावर गेली. संध्याकाळी घरी आल्यावर आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला, तर म्हणाली, शब्दकोशातला ‘म’ अर्धाच राहिलाय. तिच्या जोडीला दुसरं माणूस काही मिळालं नाही. दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवून ती एकटीच मनातल्या मनात वाचायला लागली.

त्याच सुमारास छापखान्याच्या इमारतीत नवी यंत्रं बसली. दाराजवळची बटणं काढून टाकली. छतावर प्रत्येक दिव्याशेजारी वाटीएवढा पांढरा डोळा आला. खाली माणूस हललं की दिवा लागायचा, काही वेळ कुणी हललं नाही की आपोआप विझायचा. पितळी चावी गेली आणि तिच्या जागी एक छोटी काचेची पाटी आली. तिच्यावर आकडा आणि शेजारी वर-खाली असे दोन बाण. ज्याला जितकी ऊब हवी त्यानं तितका आकडा लावावा. वरिष्ठांनी सगळ्यांना एकत्र बोलावून हे समजावून सांगितलं आणि म्हणाले, आता इमारतच तुमची काळजी घेईल.

आत्याची काळजी मात्र इमारतीला घेता येईना. ती हलायचीच नाही, तर डोळ्याला दिसणार कशी? थोड्याच वेळानं तिच्या डोक्यावरचा दिवा विझायचा, मग ती कावळा हाकलल्यासारखा हात वर करायची, दिवा लागायचा, पुन्हा विझायचा. येणारे-जाणारे हसायचे. शिपाई म्हणाला, बाई, यंत्राच्या हिशेबी तुम्ही खुर्चीच. तीही हसली. पण मला नंतर म्हणाली होती, की चांगलं वाचत असताना एकदम अंधार होतो ना, तेव्हा क्षणभर खरंच वाटतं, आपण इथं नाही.

मग एका रात्री ती जेवताना नुसतंच सांगून गेली, की हल्ली छापखान्यात दिवे चालतात.

म्हणजे असं. दुपार कलायला लागली, बाहेर मळभ आलं, की तिच्या खुर्चीवरचा दिवा विझायचा. हात हलवायचा तिला कंटाळा यायचा. ती अंधारात तशीच बसून राहायची. आणि मग खोलीच्या त्या टोकाचा दिवा लागायचा. मग त्याच्या अलीकडचा. मग त्याच्या अलीकडचा. माणूस चालत यावं तशा बेतानं उजेड तिच्याकडं यायचा, मागचे दिवे एकेक विझत जायचे, आणि मध्येच कुठंतरी उजेड वळून परत जायचा. खाली कुणी नसायचं. शिवाय पाटीवरचा आकडा. सकाळी ती अठरावर लावायची आणि तिसऱ्या प्रहरी खोलीत गुदमरायला व्हायचं. उठून बघावं तर आकडा सव्वीस.

बाबा म्हणाले, वायर ढिली असेल.  आईचं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडं होतं. आत्याचा घसा बसला होता. दिवसभर तोंडातून शब्द न काढणारी बाई संध्याकाळी घोगऱ्या आवाजात बोलायची, आणि रात्री पाय दुखतात म्हणून तेल लावायची. आईनं मिठाच्या गुळण्या करायला लावल्या. कोरड्या गरम हवेनं होत असेल, असं आम्ही ठरवून टाकलं.

आत्यानं मेकॅनिकला बोलावून घेतलं. त्यानं शिडी लावून एकेक डोळा उघडला, पुसला, बसवला. म्हणाला, बाई, याच्यात बिघडण्यासारखं काही नाही. “याला भूतबित दिसत नाही. याला अंगाची ऊब दिसते, तीसुद्धा हलली तरच. दिवा लागला म्हणजे खालून कुणीतरी गेलं.” गरमीच्या पाटीला त्यानं कुलूप घातलं, म्हणजे गुप्त आकडा. तो दाबल्याशिवाय बाण चालणार नाहीत. आकडा त्यानं फक्त आत्याला सांगितला.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी पाटीवर पुन्हा सव्वीस.

तेव्हा पहिल्यांदा मला आत्याच्या चेहऱ्यावर भीती दिसली. ती भित्री नव्हती. घरात साप निघाला होता तेव्हा तिनंच त्याच्यावर घमेलं पालथं घातलं होतं. पण त्या संध्याकाळी ती ताटावर बसून भाताची शितं बोटांनी ओळीत लावत राहिली. मी सकाळच्या शाळेत शिकवायचे, दुपारी मोकळी असायचे. म्हटलं, उद्या मी येते, आपण दोघी बघू.

मी गेले तेव्हा आभाळ भरून आलं होतं. छापखान्याचा जिना चढून वर गेलं की लांब बोळ, आणि बोळाच्या टोकाला आत्याच्या खोलीचं दार. दाराला वरच्या अर्ध्या भागात काच होती. मी ढकलायला हात पुढं केला आणि आतून आवाज आला.

कुणीतरी वाचत होतं. चढा, खणखणीत आवाज, प्रत्येक शब्द वेगळा काढलेला. “मुक्काम, स्वल्पविराम, पुल्लिंगी नाम, स्वल्पविराम, राहण्याची जागा, पूर्णविराम.” मी आत्याच्या कार्यालयात लहानपणी कितीदा आले होते. शेकोटीचा तो आवाज मला पाठ होता. काचेतून बघायला मला थोडा वेळ लागला.

खोलीच्या मधून आत्या चालत होती. कागद डोळ्यांपुढं, मान किंचित मागं, खांदे आवळलेले, थंडी वाजणारं माणूस चालतं तशी. तिच्या डोक्यावरचे दिवे तिच्याबरोबर लागत होते आणि मागचे विझत होते. स्वल्पविरामाला ती थबकली. पूर्णविरामाला टाचेवर गर्रकन वळली. माझ्याकडं तोंड झालं तेव्हा तिचे डोळे उघडे होते, ओळींवरून सरकत होते, आणि मी काचेपलीकडं उभी असून तिला दिसले नाही. दाराशी आली. हात लांब करून तिनं न बघता पाटीवरचा गुप्त आकडा दाबला, बाण दाबत राहिली आणि हात नळीवर टेकवून, समाधान झाल्यासारखा श्वास सोडला. मग परत गेली, दुसऱ्या टोकाला आपल्या खुर्चीवर बसली, कागद खाली ठेवला, पेन्सिल उचलली. तिच्या डोक्यावरचा दिवा लागला.

मी दार ढकलून आत गेले. आत खरंच गुदमरत होतं.

“आलीस?” आत्या घोगऱ्या आवाजात म्हणाली. “दिवे पाहिलेस ना आत्ता?”

“पाहिले,” मी म्हटलं.

“मग झालं. तुझ्या बापाला सांग. म्हणे वायर ढिली.”

 रात्री आईला सांगितलं. तिनं खूप वेळ हातातलं विणकाम खाली ठेवलं नाही. झोपेत चालणाऱ्याला एकदम जागं करू नये म्हणतात, ती म्हणाली. पण न सांगणंही बरं नाही, तिला वाटतंय कुणीतरी दुसरंच येतं. मग दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळेत रजा टाकून, कामावर निघालेल्या आत्याबरोबर मी चौकापर्यंत गेले आणि चालता चालता सांगून टाकलं. चालत तू असतेस. वाचतही तूच असतेस. आकडाही तूच लावतेस.

ती थांबली नाही की दचकली नाही. थोडं पुढं गेल्यावर तिनं विचारलं, “आणि खुर्चीत?”

“खुर्चीत कुणी नव्हतं.”

“मी होते,” आत्या म्हणाली. “दिवे मला समोरून येताना दिसले. खुर्चीतून दिसतात तसे.”

 चौक आला. ती तिथं उभी राहिली आणि कामावर एखाद्या शब्दावर अडल्यावर जशी भिवई उचलायची तशी तिनं उचलली. दोन्ही प्रती जुळत नाहीत, म्हणाली. म्हणजे एकीत चूक असणार. आज दुपारी ये, जागेपणी वाचून बघू.

दुपारी तिनं आधी पाटीवर अठराचा आकडा लावला. मला दाराशी उभं केलं. मग कागद उचलून ती चालायला लागली. यावेळी तिचं सगळं भान जागेवर होतं, माझ्याकडं बघून ओशाळून हसलीही. स्वतःच्या बारीक, पुटपुटत्या आवाजात वाचत होती, स्वल्पविराम गिळत होती, पाय कुठं टाकावा ते तिला कळत नव्हतं. दिवे तिच्याबरोबर लागत होते. मागं, रिकाम्या खुर्चीवरचा दिवा काही वेळ राहिला आणि ठरल्याप्रमाणं विझला. मला हुश्श झालं. सगळं यंत्राच्या नियमाप्रमाणं चाललं होतं.

हळूहळू तिची चाल बसली. आवाज मोकळा झाला. तो शेकोटीचा नव्हता, तिचाच होता, पण मी तो पूर्वी कधी ऐकलेला नव्हता. एक वाक्य फार लांब निघालं, कुठल्याशा जुन्या म्हणीचा अर्थ सांगणारं, पोटात पोट असलेलं. ते संपेना आणि माझ्या शेजारची भिंत आली. आत्या भिंतीला तोंड करून, खोलीकडं पाठ करून, उरलेलं वाचत उभी राहिली.

तेव्हा खोलीच्या त्या टोकाला, तिच्या खुर्चीवरचा दिवा लागला.

खाली खुर्ची, मेज, कागदांवर आडवी ठेवलेली पेन्सिल. बाकी काही नाही. खिडक्या बंद. पडदा नाही, पंखा नाही. मधले सगळे दिवे विझलेले, आमच्या डोक्यावरचा एक आणि तो एक. मेकॅनिकचं बोलणं मला आठवलं. ऊब हवी, तीही हललेली. कुणी ऐकायला बसतं, आणि बसताना जरासं सरकून नीट होतं, तेवढी हालचाल.

मी आत्याच्या दंडाला हात लावला. तिनं मान वळवून बघितलं. वाचणं मात्र थांबवलं नाही. स्वल्पविराम आला, ती थबकली, पुढं वाचलं, आणि पूर्णविराम म्हणून झाल्यावरच टाचेवर वळली. वाक्य तोडायची तिला सवय नव्हती. त्या दिव्याकडं तोंड करून ती पानाच्या शेवटापर्यंत वाचत गेली, सावकाश, एकेक अक्षर स्पष्ट, समोरच्याला चूक सापडायला वेळ मिळावा तसं. एकही चिन्ह सुटलं नाही. पान संपल्यावर ती खुर्चीपाशी गेली. बसली नाही. शेजारी शेकोटीची जुनी खुर्ची भिंतीला लावून ठेवली होती ती ओढून तिच्यात बसली आणि तोंडावर हात घेऊन रडली. शेकोटीला पोचवून आल्यापासून पहिल्यांदाच. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. खुर्चीवरचा दिवा मध्ये कधीतरी विझला. मी बघत होते, तरी विझताना मला दिसला नाही.

डॉक्टर म्हणाले, मनावर ताण आहे, विश्रांती घ्या. आत्यानं आठवडाभर घेतलीही. मेकॅनिकनं तिच्या खोलीतले डोळे काढून साधी बटणं बसवून दिली, पाटी मात्र तशीच ठेवली. त्यानंतर दिवे चालले नाहीत. घसाही सुधारला, पायही. पुढं ती रोज दुपारी थोडा वेळ आपणहून उठून मोठ्यानं वाचायची, चांगली शुद्धीत राहून. रिकाम्या खुर्चीवरचा दिवा तेवढा वेळ चालू ठेवायची, बटणानं. मला ते आवडत नव्हतं. तिला सांगितलं तर म्हणाली, अंधारात प्रूफ कसं दिसणार गं.

हिवाळा संपायच्या आत ती मला घेऊन शेकोटीच्या घरी गेली. इतकी वर्षं दोघी एका खोलीत, पण एकमेकींच्या घरी कधी गेल्या नव्हत्या. शेकोटीचा नवरा निवृत्त बसचालक. त्यानं दार उघडलं तेव्हा तो नुसत्या बनियनवर होता आणि आतून वाफ यावी तशी हवा अंगावर आली. खिडक्यांच्या काचांवरून पाणी ओघळत होतं. आम्ही बसलो. आत्यानं पहिल्यांदा स्वेटर काढला, मग पायातले मोजे. मी घाम पुसत होते.

थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. आत्यानं त्याला चालत वाचायची गोष्ट सांगितली, लांब वाक्यांची आणि भिंतीची. त्यानं आ वासून ऐकली. त्याला हे माहीतच नव्हतं. घरी ती एकदा टेकली की उठायची नाही, तो म्हणाला. त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहायची. मीच पेपर मोठ्यानं वाचायचो, ती ऐकायची, आणि माझा उच्चार चुकला की बोट उचलायची.

आम्ही तिघांनीही त्या कोपऱ्याकडं बघितलं. साधी वेताची खुर्ची होती, तिच्यावर उशी.

“तुम्हाला उकडत असेल,” तो आत्याला म्हणाला. “पण हीटर मी कमी करत नाही.” मग दुसरीकडं बघत, “करून पाहिला. कमी राहत नाही.”

 आत्यानं पाणी मागितलं. त्यानं आणून दिलं. ती प्यायली आणि मेजावर पडलेला त्या दिवशीचा पेपर उचलून त्याच्यापुढं धरला. वाचा, म्हणाली. त्यानं चष्मा लावला, घसा खाकरला आणि पहिली बातमी वाचायला सुरुवात केली, अडखळत, हवामानाची. तो वाचत होता, आत्या ऐकत होती. मी त्या खोलीत कुठंच बघायला धजत नव्हते, म्हणून माझ्या हातांकडं बघत बसले.

बाहेर रस्त्यावर आल्यावर गार वारा लागला तेव्हा आत्या अगदी मोकळा श्वास घेऊन म्हणाली, पुढच्या वेळी पातळ कपडे घालून येऊ. आणि आम्ही गेलोही, तो मुलीकडं राहायला जाईपर्यंत, दर पंधरा-वीस दिवसांनी.